बायोप्सी लिहून दिली म्हणजे कॅन्सर झाला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे, चाळीसएक वर्षांची तंबाखू-चुन्याची सवय. उजव्या गालात आतून पांढरट चट्टा जुनाच होता. दोन महिन्यांपासून त्याच जागी एक जखम आहे, ती भरत नाही. दातांच्या डॉक्टरांनी बायोप्सी करून घ्या म्हणून लिहून दिलंय आणि घरात दोन तट पडलेत. चुलते म्हणतात, चाकू लागला की पसरतं, त्यापेक्षा गावठी औषध करून बघू. मुलाला जाणून घ्यायचंय की बायोप्सी म्हणजे नेमकं काय, ती सांगितली म्हणजे कॅन्सर झालाच का, नुसत्या सुईनं भागणार नाही का आणि रिपोर्टला आठ-आठ दिवस कशाला लागतात.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्या डॉक्टरांनी काढलेले तुकडे तपासतेय, आधी सरकारी मेडिकल कॉलेजात आणि नंतर स्वतःच्या लॅबमध्ये. पेशंट आम्हाला सहसा दिसतच नाही. दिसते एक प्लास्टिकची डबी, तिच्यावरचं नाव आणि आत पडलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तेव्हा उत्तरही त्या डबीच्या बाजूनंच देते.

आधी शब्दाचं बघू, कारण निम्मी भीती शब्दातच आहे. ‘बायोस’ म्हणजे जीवन आणि ‘ऑप्सिस’ म्हणजे पाहणं, असे हे दोन ग्रीक शब्द. १८७९ मध्ये पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्ट बेनिए यांनी ते जोडून हा शब्द रूढ केला. तोवर रोगाचं आतलं रूप बघायचं तर बहुधा माणूस गेल्यावर, शवविच्छेदनात. जिवंत माणसाच्या शरीरातला छोटा भाग काढून तो बघणं म्हणजे बायोप्सी. मराठी पुस्तकांत ‘जीवोतक परीक्षा’, ‘ऊतक परीक्षा’ असे शब्द आहेत, पण माझ्या लॅबच्या काउंटरवर आजवर एकाही माणसानं ते वापरलेले नाहीत. तिथं लोक ‘तुकडा द्यायला आलोय’ किंवा ‘मांसाचा रिपोर्ट झाला का’ असंच म्हणतात. मला ते आवडतं. त्यात तपासणी कशाची आहे ते तरी नीट सांगितलेलं असतं.

या शब्दात कॅन्सर कुठेच नाही, हे लक्षात घ्या. माझ्या टेबलावर रोज येणाऱ्या डब्यांमध्ये काय काय असतं? पोटात जळजळ होते म्हणून दुर्बिणीतून घेतलेले जठराचे तुकडे. गव्हामुळे आतड्याला इजा होणारा सिलिॲक आजार आहे का हे बघायला घेतलेले लहान आतड्याचे तुकडे. लघवीतून प्रथिनं जातात म्हणून मूत्रपिंडातून सुईनं काढलेले धाग्यासारखे तुकडे. अंगावरच्या बधिर चट्ट्याचा तुकडा, ज्यात कुष्ठरोग शोधायचा असतो. मानेतल्या गाठी, ज्यांतल्या कितीतरी आपल्याकडे टीबीच्या निघतात. पोटातल्या अल्सरचा संबंध जंतूंशी आहे हे जगाला कळलं तेही बायोप्सीतूनच. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन नावाच्या पॅथॉलॉजिस्टना १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यांवर वाकडे जीवाणू दिसले. आम्लात जंतू जगत नाहीत असा तेव्हा सगळ्यांचा समज होता. त्यांनी बॅरी मार्शल यांच्याबरोबर तो विषय लावून धरला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत गोड बोलून उपयोग नाही. चाळीस वर्षांची तंबाखू, आधीचा पांढरा चट्टा आणि त्यावर दोन महिने न भरलेली जखम, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टरांच्या मनात कॅन्सरची शंका येणारच, आणि ती यायलाच हवी. तोंडातली साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. टोकदार दात गालाला घासत असेल तर तो दात घासून गुळगुळीत करतात आणि पंधरा दिवस वाट बघतात. तरी भरली नाही तर तुकडा काढायचा, असा साधा नियम आहे. म्हणजे बायोप्सी लिहून दिली ती शंका फेडण्यासाठी. असा चट्टा किंवा जखम तुकड्यात पाहिल्यावर कधी नुसती जाड झालेली त्वचा निघते, कधी बुरशी, कधी लायकेन प्लॅनस नावाचा चट्ट्यांचा आजार, कधी ‘डिसप्लेसिया’ म्हणजे पेशी बिघडू लागलेल्या पण अजून कॅन्सर नाही अशी अवस्था, कधी तोंडातला टीबीसुद्धा. आणि कधी कॅन्सर. नुसत्या डोळ्यांनी बघून यातलं काय आहे हे माझे वीस-पंचवीस वर्षं काम केलेले सर्जन मित्रही छातीठोकपणे सांगत नाहीत.

तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांचं नातं आपल्याकडे मुंबईतच फार लवकर अभ्यासलं गेलं. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं आणि तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली. ते पॅथॉलॉजिस्टच होते. तंबाखू चघळणं, बिडी आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांच्यावरचा त्यांचा व सहकाऱ्यांचा लेख १९५५ मध्ये एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. त्या वेळी तुमच्या वडिलांचा जन्मही झालेला नव्हता.

आता सुईचं. ‘सुई लावली’ आणि ‘तुकडा काढला’ या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि लोक त्या सर्रास एक समजतात. बारीक सुई गाठीत घालून, मागे ओढून थोडा रस काढतात आणि तो काचेवर पसरतात. तिला एफएनएसी म्हणतात. भूल लागत नाही, पाच मिनिटांत काम होतं, रिपोर्टही लवकर मिळतो. पण त्यात सुट्या पेशी मिळतात. ठिपके दिसतात, रांगोळी दिसत नाही. मानेतली गाठ, थायरॉईड, लाळग्रंथी यांच्यासाठी सुई उत्तम सुरुवात आहे, आणि तिथंही तिची मर्यादा आहेच. थायरॉईडच्या एका प्रकारच्या गाठीत पेशी अगदी सारख्याच दिसतात. कॅन्सर आहे की नाही हे ठरतं त्या पेशी गाठीभोवतीचं कवच फोडून बाहेर गेल्या आहेत का यावर, आणि कवच सुईत येत नाही.

गालातल्या जखमेला सुईचा उपयोग नाही, कारण तिथं प्रश्नच रांगोळीचा आहे. तोंडाच्या अस्तरात पेशींचे थर असतात आणि त्यांच्या तळाशी एक पातळ पडदा. त्याला उंबरठा म्हणा. पेशी बिघडल्या पण उंबरठ्याच्या आत आहेत, तोवर ती डिसप्लेसिया. उंबरठा ओलांडून खालच्या मांसात शिरल्या की तो कॅन्सर. म्हणजे मला उंबरठा आणि त्याच्या खालचा भाग दिसलाच पाहिजे. त्यासाठी कापून, खोलीसकट घेतलेला तुकडा लागतो. याला इन्सिजनल बायोप्सी म्हणतात, म्हणजे जखमेचा एक भाग काढणं. गाठ छोटी असेल आणि सगळीच काढून तपासली तर ती एक्सिजनल. गोल पात्यानं बिस्किटासारखा तुकडा काढला तर ती पंच, जाड सुईनं धाग्यासारखा काढला तर कोअर किंवा ट्रूकट. स्तनातल्या गाठीसाठी हल्ली कोअरच करावी, कारण गाठ कॅन्सरची निघाली तर ती कोणत्या हार्मोनला दाद देते आणि हर-टू नावाचं प्रथिन तिच्यात वाढलंय का हे त्याच तुकड्यावर तपासता येतं. औषधं त्यावर ठरतात.

वडिलांना मानेत, जबड्याखाली गाठ हाताला लागत असेल तर तिला मात्र सुई लावतील. म्हणजे गालाचा तुकडा आणि मानेची सुई अशा दोन्ही गोष्टी लिहून आल्या तर डॉक्टर पैसे काढतायत असं समजू नका.

प्रत्यक्षात काय होतं? खुर्चीवर बसवून जागा बधिर करतात, दात काढताना देतात तेच इंजेक्शन. टोचतं ते तेवढंच. चिरा जखमेच्या कडेला देतात, मधोमध नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण मधला भाग बहुतेक वेळा सडलेला असतो आणि त्यात मला पूशिवाय काही दिसत नाही. कड, थोडा शेजारचा बरा दिसणारा भाग आणि पुरेशी खोली, असा पाच-सहा मिलिमीटरचा तुकडा मिळाला की माझं काम सुरळीत होतं. पांढऱ्या चट्ट्यात लालसर भाग असेल तर तुकडा त्या लाल भागातून घ्यावा. धोका तिथं जास्त असतो. एक-दोन टाके, वर कापसाचा बोळा, अर्ध्या तासात घरी. त्या दिवशी गरम चहा, तिखट आणि अर्थातच तंबाखू नको. रक्त आलंच तर स्वच्छ कापड दहा मिनिटं सलग दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही.

जाण्याआधी वडिलांच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगायलाच हवं, पण ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. तोंडाच्या छोट्या तुकड्यासाठी ती बऱ्याचदा बंद करावीही लागत नाही, आणि स्टेंट बसवलेल्या माणसानं परस्पर बंद केली तर तुकड्यापेक्षा मोठं संकट ओढवतं. यकृत किंवा मूत्रपिंडाची बायोप्सी असेल तर गोष्ट वेगळी. तिथं प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या बघितल्याशिवाय कोणी सुई उचलत नाही आणि नंतर कित्येक तास आडवं पडून राहावं लागतं. साखर वाढलेली असणं ही तोंडाची बायोप्सी टाळण्याची सबब नाही.

आता चुलत्यांच्या मुद्द्याकडे येते. ‘हवा लागली की पसरतं’, ‘चाकू लागला की भडकतं’ हे मी विद्यार्थिनी असल्यापासून ऐकतेय, आणि ते म्हणणारी माणसं मूर्ख नसतात. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. शेजारच्या माणसाची बायोप्सी झाली आणि चार महिन्यांत तो गेला. पण तो डॉक्टरांकडे पोचला तेव्हाच रोग पुढे गेलेला होता. वर्षभर चट्ट्यावर हळद लावली, सहा महिने कोणाचं तरी चूर्ण घेतलं, तोंड उघडेना तेव्हा गाडी केली आणि मग बायोप्सी झाली. रोग आपल्या वेगानं चाललाच होता, नाव फक्त त्या दिवशी कळलं. कॅन्सरला हवेचं काही देणंघेणं नाही. तोंडातल्या जखमेला तर दिवसभर हवा लागतच असते.

तरीही ‘कधीच, काहीच होत नाही’ असं मी म्हणणार नाही. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याचं क्वचित दिसलेलं आहे, आणि म्हणूनच काही ठिकाणी नियम वेगळे आहेत. वृषणात कॅन्सरची शंका असलेल्या गाठीला बाहेरून सुई लावत नाहीत, जांघेतून शस्त्रक्रिया करून ते सबंध काढतात. लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरचा तुकडा काढत नाहीत, तपासणी आणि स्कॅनवरच निदान करतात. सिरॉसिस झालेल्या यकृतातल्या गाठीचं सीटी किंवा एमआरआयवरचं रूप ठरावीक साच्याचं असेल तर बायोप्सीशिवाय निदान मान्य आहे. हाडाच्या कॅन्सरची शंका असेल तर तुकडा काढण्याची चीर कुठं द्यायची हे पुढे मोठं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननंच ठरवायचं असतं, कारण ती वाट नंतर सगळी कापून काढावी लागते. तिथं कोणीही कुठूनही चीर दिली तर पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. आणि धडधडणारी, दाबली की फिकी पडणारी निळसर-लाल गाठ रक्तवाहिन्यांची असू शकते, तिला तर स्कॅनशिवाय हात लावायचाच नाही. हे अपवाद आम्हाला पाठ असतात. गालातली न भरणारी जखम त्यांत येत नाही. तिथं तुकडा न काढता थांबणं हाच धोका आहे.

रक्ताच्या तपासणीनं किंवा पेट स्कॅननं काम होणार नाही का, असंही पुष्कळ जण विचारतात. स्कॅन गाठ कुठं आहे, केवढी आहे, कुठवर गेलीय हे सांगतो. ती कशाची आहे हे सांगत नाही. टीबीची गाठही पेट स्कॅनवर दिव्यासारखी उजळते. तोंडाच्या कॅन्सरचं निदान करणारी रक्ततपासणी आजच्या घडीला नाही. ‘लिक्विड बायोप्सी’ हे नाव हल्ली जाहिरातींत दिसतं. त्यात रक्तात फिरणारे गाठीच्या डीएनएचे अंश शोधतात. ठरावीक कॅन्सरमध्ये, बहुधा निदान झाल्यानंतर, औषध निवडायला तिचा उपयोग होतो. तुकड्याची जागा ती घेत नाही. नाव उसनं घेतलंय एवढंच.

मग आठ दिवस कशाला? तुकडा निघाल्या निघाल्या फॉर्मलिनमध्ये टाकतात. नाहीतर तो आपल्याच रसांनी सडायला लागतो. फॉर्मलिन आतपर्यंत मुरून पेशी घट्ट व्हायला काही तास ते एक दिवस लागतो. मग मी त्याचं माप घेते, रंग-पोत लिहून ठेवते, कुठून कापायचा ते ठरवते. रात्रभर यंत्रात तो अल्कोहोलमधून जातो, म्हणजे त्यातलं पाणी निघतं, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. सकाळी मेणाच्या छोट्या वडीत तो उभा की आडवा बसवायचा हे टेक्निशियन ठरवतो, आणि तिथं चुकलं तर उंबरठा दिसत नाही. मग मायक्रोटोम या काप काढणाऱ्या यंत्रावर ३-४ मायक्रॉन जाडीचे काप, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण विसावा भाग. ते कोमट पाण्यावर सायीसारखे तरंगतात, त्यांना काचेवर उचलून घ्यायचं. त्यानंतर रंग. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं करणारं हिमॅटॉक्सिलिन मूळचं मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून निघतं. जगभरच्या कॅन्सरच्या निदानाचा पाया हा एक झाडाचा रंग आहे, याची मला अजून गंमत वाटते. दुसरा रंग इओसिन, गुलाबी.

एवढं होऊन स्लाइड माझ्यापर्यंत येते तेव्हा दोन-तीन दिवस गेलेले असतात. हाड असेल तर ते आम्लात मऊ करावं लागतं, तिथं आणखी दिवस. शंका राहिली तर मी त्याच वडीचे आणखी खोल काप मागते. पेशी कोणत्या जातीच्या आहेत हे कळेना तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणून खास चाचण्या लावते, त्या बऱ्याचदा मोठ्या शहरात पाठवाव्या लागतात. घाई असेल तर ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून वीसेक मिनिटांत उत्तर देता येतं, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. पण गोठवलेल्या तुकड्यात बारकावे पुसट होतात. ती सोय सर्जनला टेबलावर निर्णय घेता यावा म्हणून आहे, नातेवाइकांची झोप लवकर लागावी म्हणून नाही. रिपोर्ट उशिरा आला म्हणजे ‘काहीतरी वाईट निघालं असणार’ हाही अंदाज बांधू नका. कधी कधी फक्त यंत्राची वीज गेलेली असते.

माझ्या अनुभवात बायोप्सी फसते ती सहसा माझ्या टेबलाच्या आधीच. मे महिन्यात तालुक्याहून एस.टी.च्या पार्सलनं आलेली डबी मला अजून आठवते. आत फॉर्मलिनऐवजी सलाईन. दीड दिवसाच्या प्रवासात तुकड्याचा लगदा झालेला. साठीच्या बाईंना पुन्हा कापून घ्यावं लागलं. कोणी तुकडा खराब होऊ नये म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवतं, त्यानं पेशी फुटतात. कोणी निमुळत्या तोंडाच्या औषधाच्या बाटलीत घालतं. जाताना मऊ तुकडा आत जातो, कडक झाल्यावर बाहेर येत नाही, मग बाटली फोडायची. डबी रुंद तोंडाची हवी आणि फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं. डबी तुमच्या हातात दिली तर तिच्यावर, झाकणावर नाही, वडिलांचं नाव आणि ‘उजवा गाल’ लिहिलंय ना ते बघा. एक अपवाद लक्षात ठेवा. टीबीची शंका असेल तर तुकड्याचा एक भाग फॉर्मलिनमध्ये न घालता सलाईनमध्ये वेगळा पाठवायचा असतो. फॉर्मलिननं जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, होत नाही.

दुसरी गोष्ट, सोबतचा फॉर्म. त्यावर मला बहुतेक वेळा नाव, वय आणि एक प्रश्नचिन्ह मिळतं. तंबाखू किती वर्षं, जखम किती दिवसांची, आधी कधी तुकडा काढला होता का, तिथं किरणं दिली होती का, यातलं काही नाही. एकदा किरणं दिलेल्या जागेच्या पेशी विचित्र दिसतात. ते माहीत नसलं तर चांगला पॅथॉलॉजिस्टही फसू शकतो. डॉक्टर गडबडीत असतील तर हे चार मुद्दे तुम्ही स्वतः मराठीत कागदावर लिहून डबीबरोबर द्या. मी असे कागद जपून वाचते.

आणि एक माझ्या वाट्याची गोष्ट. सुरुवातीच्या वर्षांत गालातल्या फुलकोबीसारख्या वाढीचा एक तुकडा आला होता. वरवरचा, नुसता जाड पांढरा थर. मी लिहिलं, ‘कॅन्सर आढळला नाही’. अक्षरशः खरं होतं, त्या तुकड्यात नव्हताच. घरच्यांनी तो कागद देवापुढे ठेवला आणि पाच महिन्यांनी परत आले तेव्हा वाढ जबड्याच्या हाडापर्यंत पोचलेली. त्या जातीची वाढ तळाशी घुसते, वर साळसूद दिसते. तेव्हापासून तुकडा वरवरचा असेल तर मी ते पहिल्या ओळीत लिहिते, ‘खोल तुकडा पुन्हा पाठवावा’ असं लिहिते आणि डॉक्टरांना फोन करते. म्हणून सांगते, रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला आणि जखम मात्र तशीच राहिली किंवा वाढली, तर जखमेवर विश्वास ठेवा. पुन्हा बायोप्सी सांगितली तर पहिली चुकली असं दर वेळी नसतं. तुकड्यात जे आलं तेवढंच आम्हाला दिसतं.

रिपोर्टमधले काही शब्द लोकांना चकवतात. ‘वेल डिफरन्शिएटेड स्क्वेमस सेल कार्सिनोमा’ यातला ‘वेल’ वाचून एक गृहस्थ मला पेढे घेऊन आले होते. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सरच. ‘वेल’ म्हणजे त्याच्या पेशी अजून मूळ अस्तरासारख्या बऱ्यापैकी दिसतात. ही झाली ग्रेड. स्टेज वेगळी, ती गाठीचा आकार, खोली आणि मानेतल्या गाठी बघून ठरते आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर ती नसते. तेव्हा ‘कितवी स्टेज?’ असं मला काउंटरवर विचारू नका, मला खरंच माहीत नसतं. ‘सस्पिशियस’ म्हणजे शंका दाट आहे पण शिक्का मारण्याइतका पुरावा नाही. ‘इनॲडिक्वेट’ म्हणजे तुकडा अपुरा, उत्तर नाही. ते ‘निगेटिव्ह’ नव्हे. ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’, ‘सिव्हिअर’ डिसप्लेसिया असं आलं तर तंबाखू त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे तो भाग काढणं किंवा ठरावीक महिन्यांनी दाखवत राहणं. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ हे शब्द आम्ही अंग काढून घ्यायला वापरतो असा आरोप आहे. थोडा खराही आहे. पण बऱ्याचदा त्याचा सरळ अर्थ, मी तोंड पाहिलेलं नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांनी हे जुळवून बघावं.

समजा रिपोर्ट कॅन्सरचा आलाच, तर तो कागद म्हणजेच उपचारांचं दार. तो नसताना कोणताही जबाबदार सर्जन जबड्याला हात लावणार नाही, कोणी किरणं सुरू करणार नाही आणि सरकारी योजनेच्या फाइललाही आधी हाच कागद लागतो. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात गेलात की ते नुसता रिपोर्ट मानत नाहीत, स्लाइड आणि ब्लॉक मागतात, म्हणजे मेणाची ती वडी. त्यांचे पॅथॉलॉजिस्ट ती पुन्हा बघतात. तो तुमच्या गावच्या लॅबवरचा अविश्वास नाही, मीसुद्धा अवघड स्लाइड दुसऱ्यांना दाखवते. तुकडा तुमच्या वडिलांचा आहे, ब्लॉक मागायला संकोच करू नका. लॅब नोंदवहीत सही घेईल आणि देईल.

नेताना ब्लॉक आणि स्लाइड वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, काच फुटते. आणि गाडीच्या काचेपाशी, उन्हात ठेवू नका. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवून मुंबईला निघाला होता, पोचेपर्यंत मेण ओघळून पाकिटाला चिकटलेलं. सुदैवानं तुकडा आत शाबूत होता. आम्ही तो सोडवून पुन्हा नव्या मेणात बसवला, पण त्यात त्यांचे चार दिवस गेले.